वहीतल्या माया आणि घरातली माया

वाचकाचे पत्र, थोडक्यात: ‘माया’ हे नाव मला शाळकरी वयापासून अतिशय प्रिय आहे. हे नाव असलेल्या कर्तबगार स्त्रियांची माहिती मी वीस वर्षे एका वहीत टिपून ठेवत आले: लेखिका माया अँजेलो, नर्तिका माया प्लिसेत्स्काया, शिल्पकार माया लिन, चित्रपटकार माया डेरेन, बुद्धिबळपटू माया चिबुर्दानिद्झे. मुलगी झाली तेव्हा दुसरे नाव मनातही आले नाही. तिच्या बाराव्या वाढदिवशी मी ती वही तिला भेट दिली. तिने ती चाळली आणि विचारले, “यात मी कुठे आहे?” त्याच रात्री तिने सांगितले की तिला हे नाव नको आहे. तिच्या वर्गात तीन माया आहेत. शिक्षिका त्यांना माया एक, माया दोन, माया तीन अशा हाका मारतात आणि माझी मुलगी माया दोन आहे. यापुढे आपल्याला ‘रेवा’ म्हणावे, असा तिचा आग्रह आहे. तिचे वडील म्हणतात की हा हट्ट आहे, दुर्लक्ष करावे. मला मात्र झोप लागत नाही. नाव निवडताना माझी चूक झाली का? तिला नाव बदलू द्यावे का? आणि त्या वहीचे मी काय करू? — एक आई

प्रिय भगिनी,

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. पण पत्र बाजूला ठेवल्यावर माझ्या मनात घोळत राहिला तो चौथा, तुमच्या मुलीचा. “यात मी कुठे आहे?” या प्रश्नाने तुम्ही दुखावलात हे मला समजते, कारण वीस वर्षांचे प्रेम तुम्ही तिच्या हाती दिले आणि तिने त्यात एक उणीव दाखवली. तरीही मी सांगेन की बारा वर्षांच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न उद्धट नाही, तो नेमका आहे. ज्या मुलीला शाळेत दिवसभर तीन मायांमधली एक म्हणून हाक मारली जाते, तिला घरी आल्यावर आणखी पाच मायांची वही मिळाली. तुम्ही तिला थोरांच्या पंगतीत बसवू पाहत होता. तिला ती आणखी एक लांबलचक हजेरी वाटली असावी.

आधी तुमच्या चुकीबद्दल, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. चूक झालेली नाही. तुमच्या पत्रात एका ठिकाणी असा सूर आहे की हे नाव तुम्हाला एकटीला सापडले होते आणि नंतर इतरांनी ते उचलले. वर्गातल्या दुसऱ्या दोघींच्या आयांनाही अगदी असेच वाटत असणार. अमेरिकेत १८८०पासूनच्या नावांच्या सरकारी याद्या पाहायला मिळतात. त्यांत १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षे मुलींच्या नावांत जेनिफर हे नाव पहिल्या क्रमांकावर होते. त्या सगळ्या पालकांनी एकमेकांना विचारून ते ठेवले नव्हते. स्टॅन्ली लिबर्सन या समाजशास्त्रज्ञाने नावांच्या आवडीनिवडींचा दीर्घ अभ्यास केला. नामवंत व्यक्ती किंवा बाहेरच्या मोठ्या घडामोडी यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, नावांची चाल आतूनच चालते, असे त्यांचे म्हणणे होते: एखादा ध्वनी कानाला नवा आणि गोड वाटू लागतो, जुन्या पसंतीच्या नावाहून तो थोडासाच वेगळा असतो, आणि एका पिढीतले पुष्कळ कान एकाच सुमारास त्याच्याकडे वळतात. तुमचा कान तुमच्या पिढीचा कान आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि त्यामुळे तुमचे प्रेम कमअस्सलही ठरत नाही.

मात्र नाव आवडणे आणि नाव वागवणे हे दोन वेगळे अनुभव आहेत, आणि तुमच्या घरात सध्या या दोहोंची टक्कर झाली आहे असे मला वाटते. तुमच्यासाठी ‘माया’ हा एक सुंदर शब्द आहे, ज्याभोवती तुम्ही माणसे गोळा केलीत. तिच्यासाठी ती हाक आहे, जिला दिवसातून शंभरदा ओ द्यावी लागते. हाकेचे मानसशास्त्र या बाबतीत फार बोलके आहे. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी दोन कानांत दोन वेगवेगळे बोलणे ऐकवून प्रयोग केले, तेव्हा ज्या कानाकडे लक्ष नव्हते त्यात काय बोलले गेले हे ऐकणाऱ्यांना जवळजवळ सांगताच आले नाही. पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांना असे आढळले की त्या दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव उच्चारले गेले, तर साधारण एकतृतीयांश वेळा ते ऐकणाऱ्याच्या लक्षात येते. बाकी सारे वाहून जाते आणि नाव मात्र अडकते. आता एकाच वर्गात तीन माया आहेत अशी कल्पना करा. दर हाकेला तिचे लक्ष हातातल्या कामावरून उठते, मान वळते, आणि तीनपैकी दोनदा ती हाक तिच्यासाठी नसते. मोठ्या माणसाला यात काही वाटणार नाही, पण बारा वर्षांच्या मुलीला दिवसातून कितीतरी वेळा “तू नाहीस, ती” असे ऐकावे लागते. माझ्याही वर्गात माझ्या नावाची दुसरी मुलगी होती, आणि बाई हसतमुखाने नाव घेत तेव्हा मी मान वर करायचे टाळत असे, कारण ते हसू बहुधा तिच्यासाठी असे. इतक्या वर्षांनंतरही मला ते आठवते, म्हणून तुमच्या मुलीच्या तक्रारीला मी हट्ट म्हणू शकत नाही.

त्यातही मला सर्वांत खुपले ते ‘दोन’. नाव एकसारखे असणे ही एक गोष्ट आणि त्याला क्रमांक चिकटवणे ही दुसरी. क्रमांक सोयीसाठी लावला तरी मुले तो सोयीसारखा ऐकत नाहीत. ती त्याला पायरी समजतात. पहिली माया असते आणि मग दुसरी असते. तुमच्या वहीतल्या माया लिन यांची गोष्ट मला येथे फार जवळची वाटते, आणि ती तुम्ही वहीत लिहिली असली तरी या बाजूने पाहिली नसेल, म्हणून सांगते. व्हिएतनाम युद्धात मृत्यू पावलेल्या अमेरिकी सैनिकांच्या स्मारकासाठी १९८१ साली जी स्पर्धा झाली, तिच्यात चौदाशेहून अधिक आराखडे आले होते. परीक्षकांना नावे कळू नयेत म्हणून प्रत्येक आराखड्यावर फक्त क्रमांक होता. लिन तेव्हा एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या आणि त्यांचा क्रमांक होता १०२६. तेथे क्रमांकाने त्यांचे भले केले, कारण वय, वंश, ओळख यांपैकी काहीच परीक्षकांच्या डोळ्यांसमोर आले नाही.

पण त्यांच्या आराखड्यातल्या भिंतीवर कोरायची होती ती नावेच, अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. ती वर्णक्रमाने लावली तर शोधायला सोपी पडतील, असे काहींचे म्हणणे होते. लिन यांना ती मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने हवी होती. यादी पाहिल्यावर विरोध करणाऱ्यांनाही त्यामागचे कारण दिसले: तिच्यात सहाशेहून अधिक स्मिथ होते आणि जेम्स जोन्स या एकाच नावाचे सोळा जण होते. वर्णक्रमाने लावले असते तर ते सोळा जण एकाखाली एक आले असते, आणि आपल्या जेम्सला शोधत आलेल्या आईला त्यांतला आपला कोणता हे ओळखता आले नसते. तारखेच्या क्रमात प्रत्येक जेम्स जोन्स त्या दिवशी त्याच्यासोबत गेलेल्या सोबत्यांमध्ये आहे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये ते स्मारक लोकार्पण झाले. एकाच नावाच्या सोळा माणसांना क्रमांक न लावताही वेगवेगळे ओळखता येते. त्यासाठी प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याचे स्वतःचे काहीतरी असावे लागते.

म्हणून पहिले काम शाळेत आहे, आणि ते तुम्ही या आठवड्यातच करावे. शिक्षिकांना भेटा, तक्रारीच्या सुरात बोलू नका, कारण त्यांनी हे क्रमांक निश्चितच कोणाला दुखावण्यासाठी लावले नसतील. एवढेच सांगा की तिघींना आडनावासह किंवा आडनावाच्या पहिल्या अक्षरासह हाक मारावी. महत्त्वाचा शब्द ‘तिघींना’ हा आहे. एक नुसती माया राहिली आणि दोघींना शेपूट लागले, तर पायरी तशीच राहील. शिक्षिका तयार असतील तर त्यांनी तिघींनाच एकत्र बसवून विचारावे की तुम्हाला कसे ओळखले जायला आवडेल. मुले अशा वेळी मोठ्यांपेक्षा समंजस तोडगा काढतात, आणि कदाचित त्या दोन मायांनाही इतके दिवस तेच सलत असेल. ही भेट घेण्यापूर्वी मुलीची परवानगी मात्र घ्या. तिच्या नावाविषयी तिच्या पाठीमागे आणखी एक निर्णय व्हायला नको.

आता नाव बदलण्याविषयी. येथे मी तुमच्या वहीचाच आधार घेणार आहे, कारण उत्तर तिच्यात आहे. त्या पाच जणींपैकी दोघींना जन्मतः हे नाव नव्हते. माया अँजेलो १९२८ साली जन्मल्या तेव्हा त्यांचे नाव मार्गराइट होते. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात त्यांनी सांगितले आहे की ही आपलीच बहीण आहे हे नीट कळल्यावर भाऊ बेली त्यांना मार्गराइट म्हणेना. तो ‘माझी बहीण’ अशा अर्थाचे बोबडे इंग्रजी शब्द वापरी. त्यांतला ‘माझी’ एवढाच शब्द पुढे उरला आणि त्याची ‘माया’ झाली. त्याच आत्मकथनात दुसरा प्रसंग आहे. लहान वयात त्या एका गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. मार्गराइट हे नाव लांबलचक आहे म्हणून बाईने त्यांना परस्पर ‘मेरी’ म्हणायला सुरुवात केली, आणि त्या मुलीने बाईच्या आवडीची भांडी मुद्दाम फोडून ती नोकरी सोडवून घेतली. दोन्ही प्रसंगांत नाव बदललेलेच आहे. एकातले नाव आयुष्यभर टिकले कारण ते मायेने आले होते. दुसरे सहन झाले नाही कारण ते कोणाच्या तरी सोयीसाठी लादलेले होते. ‘माया दोन’ यांपैकी कशाच्या जवळचे आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

माया डेरेन तर जन्मतः एलिओनोरा. १९१७ साली कीव्हमध्ये जन्मलेल्या या मुलीचे घर पुढे अमेरिकेत गेले आणि १९४३ साली, आपला पहिला चित्रपट केला त्याच वर्षी, तिने हे नाव घेतले. म्हणजे ज्या नावाला तुम्ही वीस वर्षे जपलेत, ते त्या दोघींना दुसरे नाव बाजूला ठेवूनच मिळाले. त्यांच्या आयांनीही मार्गराइट आणि एलिओनोरा ही नावे काही कमी प्रेमाने ठेवली नसतील. तुमच्या मुलीला ‘रेवा’ व्हावेसे वाटते, तेव्हा ती तुमच्या वहीतल्या बायकांपासून दूर जात नाही, त्यांच्यातल्या दोघींनी जे केले तेच ती करू पाहते आहे.

तरीही कागदोपत्री काही बदलण्याची घाई करू नका. बाराव्या वर्षी आवडलेले नाव पंधराव्या वर्षी परके वाटू शकते, आणि अधिकृत बदल हा तिने सज्ञान झाल्यावर, पूर्ण समजुतीने घ्यायचा निर्णय आहे. मला मध्यममार्ग असा दिसतो: एक शालेय वर्षभर घरात आणि तिच्या निवडक मैत्रिणींमध्ये तिला रेवा म्हणावे, दाखल्यावर, वह्यांवर, परीक्षेच्या कागदांवर माया राहावी. वर्ष संपले की तिला विचारावे. या वर्षात तुमच्या तोंडून चुकून माया निघेल, आणि ते तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती चूक तिला डिवचणे वाटणार नाही. तुम्ही मनापासून प्रयत्न करता आहात हे दिसले की मुले चुका माफ करतात. परंतु ‘बघू किती दिवस टिकते’ असा भाव तुमच्या स्वरात असेल, तर तो तिला पहिल्याच दिवशी ऐकू येईल आणि मग ती ते नाव केवळ तुम्हाला दाखवण्यासाठी टिकवेल.

आपल्या भाषेत ‘माया’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, जो तुमच्या वहीत बहुधा नसावा. वाढत्या मुलाचा कपडा शिवताना शिंपी शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड राखतो, म्हणजे पुढे तो उसवून सैल करता येतो. त्याला माया ठेवणे म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही आणि कपडा नवा असताना तिची गरजही पडत नाही. तुम्ही हे नाव ठेवताना जीव लावणारी माया ठेवलीत. आता या दुसऱ्या मायेची वेळ आली आहे. शिवण थोडी उसवली म्हणून कपडा टाकून दिला असे होत नाही.

वहीविषयी लिहिताना मला जपून शब्द वापरावेसे वाटतात, कारण तिच्यात तुमची वीस वर्षे आहेत. ती परत घेऊन कपाटात लपवू नका. ते रुसण्यासारखे दिसेल. तिने ती वाचावी म्हणून टेबलावर समोरही ठेवू नका. तिला एकदाच, साध्या शब्दांत सांगा की ही वही तुझ्याबद्दल नव्हती, माझ्याबद्दल होती, आणि मी ती तुला देताना हे सांगायचे विसरले. मला वाटते, तिला या वाक्याने फार मोकळे वाटेल. कारण बाराव्या वर्षी एखादी मुलगी ती पाने उलटते, तेव्हा तिला प्रत्येक पानावर अपेक्षा दिसते. चिबुर्दानिद्झे १९७८ साली सतराव्या वर्षी महिलांच्या बुद्धिबळाच्या जगज्जेत्या झाल्या आणि १९९१पर्यंत तो मान त्यांच्याकडे राहिला. बारा वर्षांच्या मुलीच्या मनात लगेच हिशेब सुरू होतो की आपल्याकडे आता पाच वर्षे उरली. तुम्हाला असे काही म्हणायचे नव्हते. पण मुलांना आपण न म्हटलेलेही पुष्कळ ऐकू येते.

त्याऐवजी एखाद्या निवांत संध्याकाळी तिला ही यादी सुरू कशी झाली ते सांगा. तुम्ही पत्रात एका ओळीत उरकले आहे की शाळकरी वयात हे नाव आवडले. का आवडले? ते प्रथम कोणाच्या तोंडून ऐकले? तुम्हाला तुमचे स्वतःचे नाव तेव्हा आवडत होते का? माझा अंदाज चुकीचा असेल तर क्षमा करा, पण दुसऱ्याच्या नावावर इतके उत्कट प्रेम करणाऱ्या मुलीला स्वतःच्या नावाविषयी बहुधा काहीतरी वाटत असते. तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही स्वतःचे नाव लिहिलेले नाही, नुसते ‘एक आई’ लिहिले आहे. तुम्हालाही तिच्या वयात वेगळे नाव हवेसे वाटले असेल, तर ते तिला जरूर सांगा. त्या गोष्टीत तिला स्वतःची जागा सापडेल, जी वहीत सापडली नाही.

आणि तिने विचारलेच, की या सगळ्या एकसारख्या का, तर तिला सांगता येईल की त्या एकसारख्या नाहीतच. अँजेलो यांचे नाव ‘माझी’ या शब्दातून आले. युरोपात या नावाचे नाते ग्रीक पुराणकथांतल्या माइआशी, म्हणजे हर्मीसच्या आईशी जोडतात. हिब्रू बोलणारे त्यात पाण्याचा शब्द ऐकतात. आपल्या कानांना त्यात जिव्हाळाही ऐकू येतो आणि भ्रमही. प्लिसेत्स्काया यांच्या पानावर तुम्ही त्यांच्या नृत्याविषयी लिहिले असेलच. त्यांच्या वडिलांना १९३८ साली गोळ्या घालण्यात आल्या आणि आईला तान्ह्या मुलासह छावणीत पाठवण्यात आले, आणि त्या मुलीने पुढे साठी उलटल्यानंतरही रंगमंच सोडला नाही, हेही तेथे असावे. लिन यांच्या आयुष्याशी त्याचे काय साम्य आहे? काहीच नाही. नाव त्या सर्वांना सारखे आहे हे तुमच्या वहीने दाखवले. त्या किती वेगळ्या आहेत हे तुम्ही बोलून दाखवायचे आहे.

मुलीच्या वडिलांविषयी थोडेच. ते दुर्लक्ष करा म्हणतात, त्यात मला कठोरपणापेक्षा धास्ती अधिक दिसते: आज नाव, उद्या आणखी काय. त्यांना नवे नाव वापरण्याची सक्ती करू नका. त्यांच्याकडून एवढेच कबूल करून घ्या की मुलीसमोर ते ‘रेवा’ची थट्टा करणार नाहीत आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत हा विषय वादासाठी काढणार नाहीत. वाटल्यास त्यांनी तिला नावाने हाकच मारू नये. घरात मुलीला हाक मारायला प्रत्येक बापाकडे एखादे लाडाचे नाव असतेच, आणि ते वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही मायेला लागू पडत नाही.

शाळेतल्या भेटीनंतर काय झाले, ते मला अवश्य कळवा.